जेलमधून मीठ 'झिरपतं', 'मुरतं' की 'विसरतं'?

शिनोळीची ताई: बेळगावातल्या कॉलेजात बीएस्सीला शिकवते. वर्गात निम्मी मुलं मराठी माध्यमाची, निम्मी कन्नड. प्रयोग असा: दोन कप्प्यांमध्ये अगारच्या (समुद्री शेवाळापासूनच्या) जेलचा पडदा, एकीकडे मिठाचं पाणी, दुसरीकडे नुसतं पाणी, त्यात मीठ किती आलं ते दाखवायला कंडक्टिव्हिटी मीटर. मीठ असं पलीकडं जातं त्याला (diffusion) मराठी टिपणात 'विसरण' लिहिलं तर मुलं हसतात, 'सर विसरले' म्हणून. 'झिरपणे' चालेल काय?

खानापूरकर: नको ताई. झिरपतं ते दाबानं किंवा वजनानं, अख्खा द्रव सरकतो. इथं पाणी जागेवरच असतं. दाट बाजूकडून विरळ बाजूकडं मीठ तेवढं जातं. जर्मन शास्त्रज्ञ फिकनं १८५५ मध्ये नियम मांडला तो ह्याच चालीचा. एका कप्प्यातली पातळी वर राहिली तर मात्र खरोखरच झिरपेल आणि आकडा फुगेल. पातळ्या सारख्या ठेवा.

चिकोडी_हुक्केरी: कन्नडवाल्या पोरांची गोची वेगळीच की. त्यांच्या पुस्तकात परासरणाला (osmosis, पडद्यातून पाणी जाणं) 'अभिसरण' म्हणतात. आपल्याकडं अभिसरण म्हणजे रक्ताचं, नाहीतर तापलेल्या पाण्याचं. 'विसरण' दोन्हीकडं एकच, हसू देत त्यांना. फक्त 'विसरतं' असं क्रियापद करू नका, 'विसरण होतं' म्हणा.

शिनोळीची ताई: आणि 'मुरणे'?

खानापूरकर: तो शब्द वाया घालवू नका. पलीकडं मीठ लगेच दिसत नाही. आधी जेल स्वतः भरतं, लोणच्याची फोड मुरते तसं. मग पलीकडची वाढ आलेखात सरळ रेषेत येते. ती रेषा मागं वाढवली की काळाच्या अक्षाला जिथं छेदते, तो विलंबकाळ. जाडीचा वर्ग भागिले विलंबकाळाची सहापट, हा विसरणांक, म्हणजे विसरण किती वेगानं होतं त्याचा आकडा. पलीकडचं मीठ जवळपास शून्य राहिलं पाहिजे, एवढी अट. पातळ अगारमध्ये मीठ जवळजवळ पाण्यातल्याच वेगानं जातं. १ मिमी जाडीला विलंब साधारण दोन मिनिटं, ५ मिमीला पाऊण तास. दोन मिनिटांत रीडिंग घेता घेताच वेळ जातो, तेव्हा जाड पडदा बरा. जाडी फुगलेल्या जेलचीच मोजा, कोरड्याची नव्हे. जाडीत दहा टक्के चूक म्हणजे उत्तरात वीस.

निपाणी_लॅब: एक राहिलं. 'पार्यता' (पडदा पदार्थाला किती सहज पार जाऊ देतो ते) आणि 'विसरणांक' एक समजू नका. पार्यतेत जाडी येते, आणि जेल त्या पदार्थाला किती सामावून घेतं तेही येतं. शिवाय पडद्याला चिकटून पाण्याचा एक निश्चल थर असतो, तोही अडवतो. स्टिरर (पाणी ढवळायचं यंत्र) जोरात फिरवून बघा. आकडा वाढला तर आत्तापर्यंत नुसतं जेल मोजत नव्हता.

शिनोळीची ताई: त्या थराला काय म्हणू?

निपाणी_लॅब: आम्ही 'साचलेला थर' म्हणतो. पोरांना कळतं.