'संगीत सौभद्र' नाटकाचा प्रवेश: कृष्ण काळी एक (म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी त्याचा सा), सुभद्रा काळी चार, तबला एकच. कसं जमवायचं?

टिळकवाडी, विद्यार्थी: विद्यापीठाच्या स्नेहसंमेलनासाठी ४० मिनिटांचा प्रवेश बसवायलोय. दर पदाला तबला परत लावत बसलं तर नाटक थांबतंय. दुसरा डग्गा-तबला आणायचा काय?

शहापूर, तबला: नको. काळी चारचा मध्यम (म) म्हणजेच काळी एक. दोघांनाही तोच तबला चालतो. मात्र सुभद्रेचं पद भूपासारख्या मध्यम वर्ज्य असलेल्या (म न लागणाऱ्या) रागात असेल तर तो मध्यम कानाला खुपतो; तिथं पंचमाचा (प), म्हणजे काळी दोनचा तबला लागतोच. तेवढा एक उजवा तबला मागून आणा, डग्गा तोच राहू दे. आणि पावसाळ्यात आपल्याकडं पुडी (तबल्यावरचं कातडं) दमट होऊन स्वर उतरतो, प्रयोगाआधी अर्धा तास ती गरम कपड्यानं शेकून घ्या. जास्त शेकलात तर फाटेल.

खानापूर, ऑर्गन: पदाआधीच्या शेवटच्या वाक्यावरच षड्ज (सा) धरा, नट स्वर शोधत उभा राहत नाही. ताना मोजून द्या. पोरं 'वन्स मोअर'च्या आशेनं लांबवतात आणि संवाद लटकतो.

टिळकवाडी, विद्यार्थी: पद भूपातलंच निघालं की हो! तबला शोधायला लागतो.

शहापूर, तबला: काळी दोनचा मिळाला तर बघा. सौभद्र लिहिणारे अण्णासाहेब किर्लोस्कर आपल्याच बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे, १८८२चं नाटक, बेसूर नको.