रविवारीसुद्धा दमायला होतं, प्रभूमधला विसावा नक्की मिळतो कसा?

कांजूरची_मार्था
सलाम सगळ्यांना. इथे नेहमी नुसती वाचते, आज लिहितेय. राहते कांजूरला, ऑफिस मरोळला, म्हणजे घाटकोपरला उतरून मेट्रो, तिथल्या पुलावरची गर्दी माहीत असेल त्यांना वेगळं सांगायला नको. घरी सासूबाईंना पॅरालिसिस झालाय, दिवसा बाई असते, रात्र माझी, नवऱ्याची नोकरी फिरतीची. रविवारी शब्बाथशाळा (चर्चमधल्या पोरांचा बायबलचा वर्ग), मग उपासना, मग क्वायरची प्रॅक्टिस, वर महिला मंडळाचा हिशोब पण माझ्याकडेच. हल्ली प्रार्थनेला बसले की दोन वाक्यांत डोळा लागतो आणि मग दिवसभर अपराधी वाटत राहतं. कुणाला सांगावं तर उत्तर ठरलेलं, प्रभूवर भार टाक. टाकते हो, पण सकाळी डबा कोण भरणार? बायबलमधलं मत्तय ११:२८ लहानपणापासून पाठ आहे, "अहो कष्टी व भाराक्रांत जनहो". तो विसावा खरंच कुणाला मिळालाय का आणि कसा, एवढंच विचारायचंय. प्रवचन नको प्लीज.

कृपेचा_पाईक
ताई, प्रार्थनेत झोप येणं ही सैतानाची युक्ती आहे. पहाटे चारला उठून उपास-प्रार्थना सुरू करा, थकवा पळून जाईल.

भायखळ्याचा_बेस
पाईक दादा, जिला रात्रभर झोप नाही तिला पहाटे चारला उठवताय? बायबलमधलं १ राजे १९ काढून वाचा जरा. एलीया संदेष्टा कर्मेल डोंगरावर एवढं मोठं काम करून आला आणि ईजबेल राणीच्या धमकीने पळत सुटला, रानात झाडाखाली बसून म्हणाला पुरे झालं देवा, माझा जीव घे. आणि झोपला. देवाने काय केलं, तर दूत पाठवला, तो दूत ओरडला नाही, विश्वास कुठे गेला तुझा असंही म्हणाला नाही, नुसतं म्हणाला ऊठ, खा. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी उशाशी. खाल्लं आणि परत झोपला, तेही चाललं. दूताने दुसऱ्यांदा उठवलं तेव्हा कारण काय दिलं, वाट तुला झेपणारी नाही म्हणून खा. होरेब डोंगरावरचा देवाचा तो मंद आवाज वगैरे सगळं त्याच्यानंतर, आपण प्रवचनात डायरेक्ट तिथेच उडी मारतो. आणि त्याच अध्यायाच्या शेवटी त्याला अलीशा मिळतो, म्हणजे हाताखाली माणूस! मार्थाताई, तुमचा अलीशा कुठाय? दहा आज्ञांमधल्या चौथ्या आज्ञेत विसावा मुलामुलींना, दासदासींना, गुराढोरांना आणि घरी आलेल्या उपऱ्यालाही आहे, मग तो मंडळीतल्या सुनांनाच का नसावा? हिशोबाची वही पाळकसाहेबांच्या टेबलावर ठेवा आणि या. मी क्वायरमध्ये आहे म्हणून सांगतो, एक सोप्रानो (उंच पट्टीत गाणारी) कमी झाली तर उपासना बंद पडत नाही.

वसई_फास्ट
आमच्या कॅथलिकांत ती आज्ञा तिसरी हां बेस दादा 😄 बाकी मुद्दा पटला. ताई, मी ऑफिसातून येताना माहीमला चर्चमध्ये जाऊन बसतो, बुधवारी नोव्हेनाच्या प्रार्थनेला पाय ठेवायला जागा नसते म्हणून दुसऱ्या कुठल्याही वारी. काही मागत नाही, बसतो फक्त. कधीकधी पेंगतो पण. आमची छोटी संत तेरेजा, फ्रान्समधल्या लिझ्यूची, १८९७ ला वयाच्या २४ व्या वर्षी वारली, ती मठात राहून प्रार्थनेत झोपायची आणि तिने स्वतःच लिहून ठेवलंय की आईबापांना झोपलेलं लेकरूही जागं असताना आवडतं तेवढंच आवडतं. चर्चने तिला पुढे आचार्यपद दिलं, म्हणजे सगळ्या चर्चची गुरू मानलं. तेव्हा पाईक दादा, सैतानाला एवढं क्रेडिट नको.

नाइटड्युटी_सिस्टर
वचनं झाली असतील तर मी बोलते. हिमोग्लोबिन, थायरॉईड, बी१२ करून घ्या आधी. आपल्या बायका रक्त कमी असलं तरी त्याला विश्वासाची कमी समजतात, मी वॉर्डात रोज बघते. सासूबाईंची कूस बदलायला उठावं लागत असणार, एअर बेड भाड्याने मिळतो तो आणा, कूस बदलणं पूर्ण सुटत नाही पण बेडसोअरचा धोका कमी होतो. आणि आठवड्यातून एक रात्र नवऱ्याची बहीण-भाऊ कुणीतरी घेऊ दे. फारच निराश वाटलं तर टेली मानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आहे, १४४१६, सरकारी आहे, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं.

कृपेचा_पाईक
माझा हेतू चांगला होता. रात्री उठावं लागतं हे लक्षात नाही घेतलं. प्रार्थना करतो तुमच्यासाठी.

कांजूरची_मार्था
नाही दादा, राग नाही. एलीया परत झोपला हे मी इतक्या वेळा वाचलंय पण तिथे थांबले नव्हते कधी. शब्बाथशाळा सोडवत नाही, पोरं गोड आहेत. हिशोब आणि क्वायर सोडते, बोलणी बसतील, बसू देत. नणंद मुलुंडला असते, शनिवारची रात्र घेशील का असा मेसेज टाकलाय, ब्लू टिक आलीय, उत्तर नाही 😐 एक मात्र सांगते, सासूबाईंचं बोलणं अडखळतं, पण रेव्हरंड ना. वा. टिळकांचं ख्रिस्ती पद लावलं की शब्द बरोबर येतात आणि पाच मिनिटं मीही गाते, तेवढं बरं वाटतं. सिस्टर, एअर बेडचं डिपॉझिट घेतात का?

नाइटड्युटी_सिस्टर
बहुतेक दुकानवाले घेतात, पावती मागा. आणि मोटर दुकानातच चालू करून ऐका, जुनी असली तर घरघर करते, मग त्या आवाजाने तुमचीच झोप जाईल. गाणं येतं ते चांगलंय, पॅरालिसिसच्या बऱ्याच पेशंटना बोलता येत नाही पण गाता येतं, स्पीच थेरपिस्ट त्याचा उपयोग करतात, विचारा त्यांना.