मदत हवी आहे : आईच्या टीएसएचचे (थायरॉइडच्या रक्ततपासणीचे) दोन अहवाल जुळत नाहीत

आईचे वय 58, राहणे कोथरूडला. चार महिन्यांपासून तिला थकवा व बद्धकोष्ठता आहे, केस गळतात आणि पुण्याच्या ऐन उन्हाळ्यात ती पंखा बंद करायला सांगते. सकाळी बोटातली अंगठी साबण लावल्याशिवाय निघत नाही. हे सगळे वयाचेच, असे आम्ही बरेच दिवस धरून चाललो, ही चूक आमचीच.

पहिल्या तपासणीत, सकाळी 7 वाजता उपाशीपोटी, टीएसएच (थायरॉइड ग्रंथीला चालना देणारे संप्रेरक; ती मंदावली की हे वाढते) 7.8 आला; तीन आठवड्यांनी दुसऱ्या प्रयोगशाळेत दुपारी 4 वाजता तो 5.1 भरला. फ्री टी4 (थायरॉइडचे स्वतःचे संप्रेरक) दोन्ही वेळा मर्यादेत होता. टीएसएच पहाटे अधिक व दुपारी कमी असतो, हे मला ठाऊक आहे. परंतु मधल्या काळात तिने केसांसाठी रोज 10 मिलिग्रॅम बायोटिनची (एक बी जीवनसत्त्व) गोळी सुरू केली होती, आणि बायोटिनमुळे टीएसएच प्रत्यक्षापेक्षा कमी दिसू शकतो, हे नंतर कळले. गोळी आता बंद केली आहे. थायरॉइडचे औषध सुरू नाही. मधुमेह नाही, रक्तदाबाची गोळी चालू आहे, घराण्यात मावशीला हायपोथायरॉइडिझम (थायरॉइड मंदावण्याचा आजार) आहे.

फॅमिली डॉक्टरांनी सहा आठवड्यांनी पुन्हा तपासायला सांगितले आहे. त्या वेळी टीएसएच व फ्री टी4 सोबतच अँटी-टीपीओ (थायरॉइडविरुद्धच्या प्रतिपिंडांची तपासणी) करून घ्यावी, की टीएसएच पुन्हा वाढलेला आढळला तरच? आणि फ्री टी4 मर्यादेत असताना एंडोक्रायनॉलॉजिस्टकडे (संप्रेरकांच्या तज्ज्ञ डॉक्टरांकडे) आताच जावे, की त्या अहवालापर्यंत थांबावे?