लोणारला आईसह देवदर्शन आणि विवर, दोन्ही निवांतपणे कसे पाहावे?

पांथस्थ:
येत्या हिवाळ्यात आई आणि अकरावीत शिकणारा भाचा यांच्यासह पुण्याहून लोणारला जाण्याचा विचार आहे. आईला देवळांची ओढ आहे, तर भाच्याला उल्कापाताने झालेले विवर पाहायचे आहे. धावपळ न होता, हसतखेळत दोघांचेही मन राखले जाईल असा बेत कसा आखावा? आईचे गुडघे दुखतात, हेही लक्षात घ्यावे लागेल.

वऱ्हाडी:
लोणारला देव आणि विवर अशी वाटणी करावीच लागत नाही. सुरुवात गावातल्या दैत्यसूदन मंदिरापासून करा आणि बाहेरच्या भिंतींवरील शिल्पे पाहण्यास भरपूर वेळ ठेवा. लवणासुर जमिनीखाली दडून बसला असता विष्णूने पायाच्या अंगठ्याने वरचे झाकण उडवले, ते दूर पडून त्याची टेकडी झाली आणि उघड्या पडलेल्या खड्ड्यात सरोवर साठले, अशी कथा सांगतात. ती आईंनी भाच्याला मंदिरातच सांगावी. मग काठावर उभे राहून त्याने त्यांना उल्कापात समजावून द्यावा. आकाशातून किंवा देवाच्या अंगठ्याने, पण काहीतरी प्रचंड घडून जमीन उघडली, यावर दोघांचे सहज एकमत होईल!

कातळवेडी:
भाच्यासाठी थोडी भर घालते. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे हे विवर बेसाल्ट खडकात, म्हणजे लाव्हा थंड होऊन बनलेल्या काळ्या कातळात, झाले आहे आणि हेच त्याचे मोठे वैशिष्ट्य आहे, कारण असे खडक पृथ्वीवरील उल्काविवरांत फार क्वचित आढळतात, चंद्रावरील काळसर मैदानांत मात्र मोठ्या प्रमाणावर असतात. म्हणून चंद्राचा अभ्यास करणाऱ्यांनाही लोणार महत्त्वाचे वाटते. आघाताच्या दाबाने खनिजाची काच होते, तिला मॅस्केलिनाइट म्हणतात आणि ती येथे सापडली आहे. सरोवराचे पाणी खारट आणि अतिशय अल्कधर्मी आहे. जून २०२० मध्ये ते गुलाबी झाले होते, ते क्षारप्रिय सूक्ष्मजीवांमुळे. त्याच वर्षी सरोवराला रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. हे अभयारण्य आहे, त्यामुळे तेथील दगड उचलू नयेत, एवढे त्याला आधीच सांगून ठेवा.

मेहकरवासी:
गुडघ्यांचा विचार करता आईंना तळापर्यंत नेऊ नका. पाण्याजवळच्या कमळजादेवीच्या मंदिराकडे जाणारी वाट झाडीतून खाली उतरते आणि परतीची चढण दमवते. त्यांच्यासाठी काठाजवळची गोमुखाची धार उत्तम आहे. पायऱ्या तेथेही आहेत, पण सावकाश उतरता येते. खाली खारे सरोवर आणि वर बारमाही गोड्या पाण्याचा झरा, हे पाहून त्यांना नक्कीच आनंद होईल. त्याच परिसरात निद्रिस्त मारुतीचे, म्हणजे मोठ्या मारुतीचे मंदिर आहे. आडवे पहुडलेले हनुमान सहसा पाहायला मिळत नाहीत. दुसऱ्या दिवशी मेहकरला शारंगधर बालाजीचे दर्शन घ्या. काळ्या पाषाणाची ती भव्य मूर्ती १८८८ मध्ये येथेच जमिनीतून निघाली. परतीच्या वाटेवर सिंदखेडराजाला जिजाऊंचे जन्मस्थानही पाहता येईल.

पांथस्थ:
सर्वांचे मनापासून आभार. पहिल्या दिवशी दैत्यसूदन आणि गोमुख, दुसऱ्या दिवशी सकाळी भाच्यासह तळाची वाट आणि नंतर मेहकर, असे ठरवतो. आम्ही खाली असताना आई मोठ्या मारुतीपाशी बसेल.