दह्याचं गिऱ्हाईक कुठे गेलं?

कोथरूडचा दुकानदार
आमचं किराणा दुकान वडिलांनी 1987 साली टाकलं. पाच तारखेपर्यंत गल्ल्यावर याद्यांचा ढीग असायचा. वहीच्या फाटक्या पानावर 'तूरडाळ 3 किलो, बारीक रवा 1 किलो, हिंग लहान डबी'. डी-मार्टचं पहिलं दुकान 2002 मध्ये पवईला उघडलं. पुढे अशी मार्टं सगळीकडे झाली आणि महिन्याच्या याद्या तिकडे गेल्या. तरी आम्ही तगलो, कारण दही, ब्रेड, कोथिंबीर, दहा रुपयांचं जिरं यासाठी मार्टात कोण रांग लावणार? दह्याला आलेला माणूस जाताना आणखी दोन वस्तू नेतो. आमचं पोट त्या दोन वस्तूंवर चालतं.

2021 मध्ये झेप्टो हे किराणा पोचवणारं ॲप सुरू झालं, ग्रोफर्स ॲपचं नाव ब्लिंकिट झालं आणि दहा मिनिटांत घरपोच ही तरुणांची सवयच झाली. समोरच्या इमारतीत पंचविशीतली मुलं राहतात. जिना उतरला की माझं दुकान. तरी त्यांच्या दारात दुचाकीवरचा मुलगा दही घेऊन उभा. माल कुठून येतो? पाटी नसलेल्या गोदामातून, जिथे गिऱ्हाईक पाऊलच ठेवत नाही. 2020 च्या टाळेबंदीत तेव्हाच्या किराणा ॲपवर दिवसचे दिवस डिलिव्हरीचे स्लॉट मिळत नव्हते, तेव्हा अर्धं शटर वर करून आम्हीच माल दिला. माझं म्हणणं एवढंच, सटरफटर तरी गल्लीतून घ्या.

रात्रपाळी
दादा, टाळेबंदीचे उपकार मान्य. पण मी रात्री साडेनऊला घरी पोचते, तेव्हा आमच्या गल्लीतल्या दुकानाचं शटर खाली असतं. दुपारी एक ते चारही बंद. सॅनिटरी पॅड मागितलं की काका आवाज खाली आणतात, वर्तमानपत्रात गुंडाळतात, वर काळी पिशवी. शेजारी उभे असलेले दोघं बघत राहतात. फुटकं अंडं परत नेलं तर "घरी नेताना फुटलं असेल". ॲपवर फोटो टाकला की पैसे परत. मी दहा मिनिटांसाठी तिकडे गेले नाही, या वागणुकीला कंटाळून गेले.

कोथरूडचा दुकानदार
पॅडचं शंभर टक्के पटलं, ताई. आमच्याकडेही हेच चालतं. आजपासून वर्तमानपत्र बंद.

पहिली नोकरी
मी ॲपवालाच, पण गेल्या महिन्याचा हिशेब मांडला. 26 ऑर्डरी. हँडलिंग आणि लहान ऑर्डरीचे चार्ज मिळून 400 च्या वर. शिवाय डिलिव्हरी फुकट व्हावी म्हणून घेतलेले चिप्स वेगळे. वाण्याकडे उभं राहून मी ते चिप्स घेतले नसते. रात्रपाळीताईंचं सगळं खरं, पण ॲप आपल्याला गरज नसलेलं घ्यायला लावतं, हेही बोला.

दादरची आजी
वाण्याला वळसा घालणारी ही पहिली पिढी नव्हे. 1975 मध्ये मुंबई ग्राहक पंचायत ही ग्राहकांची संस्था निघाली. नंतर आम्हीही शेजारपाजारच्या घरांचा संघ केला. मागणी एकत्र द्यायची, माल आला की एकीच्या घरी वाटप. आमचा वाणी सासूबाईंकडे तक्रार घेऊन आला होता. तेव्हा आम्ही तरुण होतो, आम्हाला रास्त भाव आणि चोख माल हवा होता. मुलांना दोष देऊ नका, दुकानदार. एक मात्र सांगते, तूरडाळ मोजता मोजता आम्हाला कुणाकडे आजारपण आहे, कुणाची नोकरी गेली हे कळायचं. दारात पिशवी ठेवून गेलेल्या मुलाचं नावही तुम्हाला माहीत नसतं.

दुचाकीवरचा मुलगा
तो मुलगा मी. लातूर जिल्ह्यातला. आधी दोन वर्षं किराणा दुकानातच होतो. सकाळी सातपासून रात्री दहापर्यंत उभा, सुट्टी फक्त अमावस्येला. इथे पेट्रोल माझं, पावसात जिवाची भीती, पण पैसे तिथल्यापेक्षा जास्त सुटतात. दुकान वाचवा म्हणणाऱ्यांनी आधी दुकानातल्या पोराचा पगार सांगावा.

कोथरूडचा दुकानदार
भाऊ, माझ्याकडचा मुलगा याच कारणाने गेला. मी त्याला बारा हजार देत होतो, त्याहून जास्त द्यायला मला परवडत नव्हतं. आता दुपारची सुट्टी बंद करून रात्री साडेदहापर्यंत उघडं ठेवायचा विचार आहे, पण एकट्याच्याने ते होणार नाही. माणूस ठेवायचा तर ते दह्याचं गिऱ्हाईक परत यायला हवं.

रात्रपाळी
साडेदहापर्यंत उघडं असेल तर मी एक महिना येऊन बघते. अंडं फुटकं निघालं तर परत घ्याल ना?