हायवेवरच्या फास्ट चार्जरवर आधी नंबर कोणाचा?

सिन्नरफाटा
नाशिकहून पुण्या-मुंबईला ईव्ही नेणाऱ्यांना विचारतोय. गाड्यांच्या कंपन्या आता स्वतःच्या नावाचे फास्ट चार्जर उभारू लागल्यात. टाटाने २०२५ मध्ये मेगाचार्जर जाहीर केले, ते सगळ्या गाड्यांना खुले ठेवले, पण प्राधान्य आणि सवलत टाटाच्या ग्राहकांना. मला हे पटत नाही. रस्ता सगळ्यांचा आहे, मग चार्जरवर बॉनेटचा लोगो बघून नंबर का लावायचा?

तांत्रिक अडचण म्हणावी तर तीही नाही. आपल्याकडच्या जवळपास सगळ्या नव्या गाड्यांना सीसीएस-२ हे फास्ट चार्जिंगचं एकसारखंच सॉकेट आहे. गन, म्हणजे चार्जरच्या केबलचं टोक, गाडीला लावली की किती करंट हवा ते गाडी सांगते आणि चार्जर झेपेल तेवढा देतो. गाडी कुठल्या कंपनीची, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. अडवणूक होते ती चार्जर सुरू करायच्या ॲपमध्ये. २०२७ च्या सिंहस्थाला देशभरातून गाड्या येतील. त्या पाहुण्यांना आडगावात ‘ही गन तुमच्यासाठी नाही’ असं सांगणार का?

गंगापूररोडकर
पटलं नाही. माझी गाडी घेताना मी चार पैसे जास्त मोजले, ते कंपनीच्या चार्जरचा नकाशा बघूनच. शनिवारी सकाळी सहकुटुंब निघाल्यावर तिथे दुसऱ्याच कंपन्यांच्या गाड्यांची रांग असेल, तर मी पैसे कशाचे दिले? जागा, ट्रान्सफॉर्मर, एचटी म्हणजे उच्च दाबाचं वीज कनेक्शन, सगळा खर्च कंपनीने करायचा आणि तिच्या ग्राहकाने मागे उभं राहायचं? टेस्लानेही अमेरिकेत आधी स्वतःच्या गाड्यांसाठी जाळं उभं केलं, फोर्डला आत घेतलं ते २०२४ मध्ये. आधी बांधू तर द्या.

सिन्नरफाटा
टेस्लाचंच पुढचं बघा. त्यांच्या बऱ्याच सुपरचार्जरची, म्हणजे फास्ट चार्जरची, केबल आखूड आहे, कारण टेस्लाचं सॉकेट मागे डाव्या बाजूला असतं. दुसरी गाडी आली की ती वेडीवाकडी लावावी लागते आणि दोन जागा अडतात. एकाच ब्रँडसाठी बांधलेलं नंतर खुलं केलं की हे असं होतं. याउलट आपल्याकडच्या एथर या ई-स्कूटर कंपनीने आपला चार्जिंग कनेक्टर इतरांना वापरू दिला, २०२३ मध्ये त्यावर भारतीय मानक आलं, आणि आज हिरोच्या विडा स्कूटर त्याच गनवर चार्ज होतात. त्यात एथरच्या ग्राहकाचं काय गेलं?

इंदिरानगरची मेधा
तुमचं दोघांचं भांडण ब्रँडवरून चाललंय, पण खरा त्रास वेगळाच आहे. दिवाळीत संगमनेरच्या अलीकडे थांबलो होतो. १८० किलोवॅटचा चार्जर, दोन गन. एकीला एक गाडी लागलेली, ९१ टक्के झालेले, स्क्रीनवर वेग जेमतेम १४ किलोवॅट, आणि मालक आत जेवायला बसलेले. दुसरी गन बंद. मागे आम्ही तिघं, त्यातल्या एका गाडीत तान्हं बाळ. ती गाडी चार्जरवाल्याच कंपनीची होती! ८० टक्क्यांच्या पुढे बॅटरी हळूहळूच भरते, हे प्रत्येक ईव्हीवाल्याला माहीत असतं. मिनिटाप्रमाणे पैसे लावा, मग बघा कोण बसून राहतं.

सातपूरचा टॅक्सीवाला
मेधाताई, मिनिटाचा दर नको हो. माझी गाडी ५० किलोवॅटच्या वर घेतच नाही. १०० घेणाऱ्या गाडीएवढेच युनिट भरायला मला दुप्पट वेळ लागतो, म्हणजे पैसेही दुप्पट. आम्ही काय घोडं मारलंय? चार्जिंगवर १८ टक्के जीएसटी आधीच आहे. ८० टक्क्यांनंतर दंड लावा, त्याला माझी ना नाही.

आमची खरी दमछाक ॲपमध्ये होते. प्रत्येक कंपनीचं वेगळं ॲप, प्रत्येकाच्या वॉलेटमध्ये अडकलेले शे-दोनशे रुपये. घाटाच्या तोंडाशी नेटवर्क गेलं की ओटीपी येत नाही, आणि गाडीतलं पॅसेंजर घड्याळ बघत बसतं. युरोपात १३ एप्रिल २०२४ पासून बसणाऱ्या ५० किलोवॅट आणि त्यावरच्या सार्वजनिक चार्जरवर बँकेचं कार्ड चाललंच पाहिजे, असा कायदा आहे. आपल्याकडे भाजीवालीच्या हातगाडीवर यूपीआय चालतं, मग चार्जरवर ॲपशिवाय का चालू नये?

गंगापूररोडकर
यूपीआय आणि ८० टक्क्यांनंतरचा दंड, दोन्हीला माझा पाठिंबा. पण प्राधान्याबाबत मी मागे हटणार नाही. दोनपैकी एक गन तरी कंपनीच्या ग्राहकासाठी राखून ठेवा.

सिन्नरफाटा
तुम्हाला दर कमी लावा, त्यावर मी भांडणार नाही. तुम्ही गाडी घेतलीत, तुमचा तो हक्क. गन राखायचीच तर ज्याने आधी स्लॉट घेतला त्याच्यासाठी राखा, आणि तो दहा मिनिटांत आला नाही तर पुढच्याला द्या.

सातपूरचा टॅक्सीवाला
स्लॉटचं मान्य. पण मुंबईहून कसारा चढून वर येईपर्यंत कधी ८-९ टक्केच उरतात. तेव्हा इगतपुरीत एक गन चालू आणि तीच नेमकी ‘राखीव’ असली, तर गंगापूररोडकर, पॅसेंजर घेऊन मी जायचं कुठे?