सल्ला हवा: तेरा वर्षांच्या भाच्यासाठी नारुतोचं काय घ्यावं? (बजेट १५००)

सुरमई
भाचा पुढच्या महिन्यात तेराचा होतोय. सोसायटीच्या पार्किंगमध्ये दोन्ही हात मागे ताणून, मुंडी पुढे काढून पळतो. विचारलं तर म्हणे, "मावशी, नारुतो असाच पळतो." नारुतो म्हणजे एका निन्जा पोराची जपानी चित्रकथा. तिची कार्टून मालिका जपानात २००२ला सुरू झाली तेव्हा त्याचे आईबाबा कॉलेजात होते, आणि आज याच्या अख्ख्या वर्गाला तेच वेड! पुस्तकं घ्यावीत, तो लोखंडी पट्टीचा हेडबँड घ्यावा, की आणखी काही? बजेट १५००, एक रुपया जास्त नाही. इंग्रजी वाचतो. आणि एवढं काय आहे त्यात, तेही कुणीतरी सांगा.

पावशेर
डोळे मिटून बॉक्स सेट घ्या. तीन पेट्या येतात: खंड १ ते २७, २८ ते ४८, ४९ ते ७२. माझ्याकडे तिन्ही आहेत. कपाटाची फळी वाकलीय, पण पाहुणे आले की आधी तिकडेच बघतात.

सुरमई
पावशेर, बजेट १५०० आहे हो.

पावशेर
एकदाच होतो खर्च.

अर्धवट
फुटपाथवरून मात्र घेऊ नका. मी स्वस्तात मिळाली म्हणून पाच घेतली. कागद इतका पातळ की मागच्या पानावरचा काकाशी, म्हणजे नारुतोचा गुरू, पुढच्या पानावर दिसतो. एका खंडात तर तीच सोळा पानं दोनदा आणि पुढची गायब. ऐन मारामारीत!

ओसाकाकर
इकडे जपानात जुन्या पुस्तकांच्या दुकानात ११० येनला एक खंड मिळतो. मी ७२ च्या ७२ जमवलेत. आवाजी बेटावर २०१९ पासून नारुतोचं थीम पार्कसुद्धा आहे, मुलांना घेऊन जाऊन आलो. मस्त आहे.

सुरमई
छान. मी डोंबिवलीत राहते.

निफाडची_द्राक्षं
ओसाकाकरांशी सहमत, जपानीच घ्या. कांजीच्या, म्हणजे चिनी चित्राक्षरांच्या, बाजूला बारीक काना लिपीत उच्चार छापलेला असतो, त्यामुळे शिकणाऱ्याला सोपं पडतं. मी पुण्यात जपानी शिकताना क्लासच्या पुस्तकाआधी हेच वाचायचे.

टिकटिक
त्याला जपानी येत नाही असं आहे का? धाग्यात लिहिलेलं नाही, पण इंग्रजी म्हटलंय म्हणजे नसावं. असो.

कामाचं सांगतो. तीन खंड एकत्र असलेली जाड आवृत्ती येते, ती स्वस्त पडते. पण तिचा पहिला भाग पुलावरची झाबुझाची लढाई चालू असतानाच संपतो. ती गोष्ट चौथ्या खंडात पुरी होते. म्हणून सुटे १ ते ४ घ्या, सवलत बघून बजेटच्या आसपास बसवा.

आता त्यात एवढं काय आहे? झाबुझा भाडोत्री खुनी, आणि हाकू हे त्याने रस्त्यावरून उचललेलं पोर. लहान मुलांच्या साप्ताहिकातली गोष्ट म्हणून आपण बसतो आणि चार खंडांत या दोघांसाठी घसा दाटतो. लेखक-चित्रकार किशिमोतो खलनायकाला आधी मारत नाही, आधी त्याचं बालपण दाखवतो. खुद्द नारुतोच्या पोटात कोल्हा बंद केलेला. गावाचं नुकसान कोल्ह्याने केलं, पण बोलणं टाळतात ते पोराशी. त्याला पहिल्यांदा आपलं म्हणणारा माणूस एक साधा मास्तर, इरुका. वर्गात एकटं बसणारं पोर कुठल्याही देशात असतं, आणि त्याला हे समजावून सांगावं लागत नाही.

गोंयकार
+१. पण खरो हिरो रॉक ली. त्याला एकही जादू येत नाही, नुसती मेहनत. गाराशी लढताना पायातली वजनं काढून खाली टाकतो तेव्हा जमीन फुटते, तो ४८वा भाग. मी अजून बघतां.

अर्धवट
मेहनत वगैरे ठीक, पण पुढे नारुतो चौथ्या होकागेचा, म्हणजे गावप्रमुखाचाच मुलगा निघतो. मग कसली मेहनत? आणि त्याचा जोडीदार ससुके एवढं सगळं करून मोकाट सुटतो, त्याचं काय?

पावशेर
ससुकेवर वेगळा धागा काढा. आणि रहस्य फोडण्याआधी सूचना द्यावी, लोक बघताहेत अजून.

अर्धवट
मालिका संपली २०१७ला. अजून किती थांबायचं?

टिकटिक
बघणार असाल तर एक लक्षात ठेवा. पहिल्या मालिकेचे २२० भाग, नंतरच्या शिप्पुदेनचे ५००. पहिलीत १३६ ते २१९ जवळपास सगळं भरताड. साप्ताहिकातली गोष्ट दर आठवड्याला पुढे सरकायची, टीव्हीवाले तिला गाठायला आले, मग पाणी वाढवलं. ते सोडून द्या.

निफाडची_द्राक्षं
हेडबँड मुळीच नको. माझ्या मुलाचा दोन धुण्यांत फाटला, पट्टी कपाळाला बोचते ती वेगळीच. बॉक्स सेट बघा ना.

कोपऱ्यातला
पुस्तकांवर पैसे घालवूच नका. शोनेन जंपचं, म्हणजे त्याच साप्ताहिकाचं, ॲप भारतात चालतं, महिन्याची वर्गणी किरकोळ आहे. सातशेच्या सातशे प्रकरणं अधिकृत.

पावशेर
ॲपवरची पुस्तकं कपाटात दिसत नाहीत.

सुरमई
सगळ्यांचे आभार. ॲपची वर्गणी भरली, पण माझ्यासाठी. झाबुझापर्यंत पोचले. टिकटिक, घशाबद्दल बरोबर बोललात.

भाच्याला आडून विचारलं, तर पहिले दहाबारा खंड मित्राचे आणून पाठ झालेत. त्याला रॉक लीच आवडतो. म्हणून हेडबँडच घेतला, लाल कापडाचा. कमरेला बांधणार आहे, ली बांधतो तसा, म्हणजे कपाळाला बोचायचा प्रश्न नाही. आणि खेळाच्या दुकानातून पायाला बांधायची वजनं, अर्ध्या अर्ध्या किलोची. दोन्ही मिळून बजेटमध्ये.

निफाडची_द्राक्षं
अहो, वाढत्या वयातले गुडघे! वजनं बांधून पळू देऊ नका हं. आधी डॉक्टरांना विचारा.

सुरमई
पळायचं नाही, फक्त घरात उभ्याउभ्या पाय उचलायचे, अशी अट घातलीय. डॉक्टरांना विचारेन. ते नाही म्हणाले तर वजनं माझ्याकडे राहतील, मलाही चालायला जायचंच आहे.

पावशेर
मग धागा काढलाच कशाला? पहिल्या पेटीत रॉक लीचं सगळं आलं असतं.

गोंयकार
ताई, वजनं जमनीर टाकतना खालच्या मजल्यावरच्यांना आधी सांग.

अर्धवट
ससुकेचं उत्तर कुणी दिलंच नाही.